‘ग्रीन’ फ्लॅट घेताय? आधी पाण्याचा हिशेब मागा

ब्रोशरवर हिरवं पान, त्याखाली ठळक ‘प्लॅटिनम’, आणि कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘प्री-सर्टिफाइड’. सगळी मेख त्या बारीक शब्दात आहे. इमारतींना ग्रीन रेटिंग देणाऱ्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसीकडे आधी प्रकल्पाची नुसती नोंदणी होते. मग नकाशे आणि कागदपत्रं पाहून प्री-सर्टिफिकेशन मिळतं. अंतिम रेटिंग मिळतं ते इमारत उभी राहिल्यावर. म्हणून सेल्स ऑफिसात तीनच गोष्टी विचारा: प्रमाणपत्र कोणत्या टप्प्याचं, कोणत्या टॉवरचं आणि कोणत्या तारखेचं? शेजारच्या जुन्या फेजचं प्रमाणपत्र नव्या फेजच्या जाहिरातीत सहज खपून जातं.

‘आम्ही पर्यावरणासाठी जादा खर्च केला, म्हणून रेट जास्त’ हेही ऐकवलं जातं. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीत ग्रीन रेटिंगच्या दर्जानुसार मूळ एफएसआयवर (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं, त्या प्रमाणावर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळू शकतो, म्हणजे बिल्डरला विकायला जादा बांधकाम. भाव करताना एवढं ध्यानात असू द्या.

दुसरं, ब्रोशरमधल्या ‘ग्रीन फीचर्स’पैकी बरीच कायद्याने करावीच लागतात. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या पत्रात एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प), ओल्या कचऱ्याची जिरवणी, पावसाचं पाणी, सोलर या अटी असतातच. त्यांची फुशारकी मारणं म्हणजे सिग्नलला थांबलो म्हणून सत्कार मागणं.

आता पाणी. १०० फ्लॅटची इमारत धरा, घरटी ५ माणसं. माणशी रोज १३५ लिटर धरले तर ६७,५०० लिटर होतात. गच्ची ५०० चौरस मीटरची आणि पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वाया जाणारं २० टक्के वजा केलं की हाती उरतात २ लाख ८० हजार लिटर. म्हणजे अख्ख्या वर्षाच्या पावसात त्या इमारतीचे जेमतेम चार दिवस निघतात. ते पाणी बोअरच्या शेजारी जिरवलेलं चांगलंच, पण ‘पाण्याबाबत स्वयंपूर्ण’ हे शब्द कुठे दिसले तर हा हिशेब पुढे ठेवा.

‘शंभर टक्के पुनर्वापर’ किंवा ‘झिरो डिस्चार्ज’ (सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडत नाही) या दाव्याचंही तेच. वापरलेल्या पाण्याचं ८५ टक्के सांडपाणी धरलं तर रोज सुमारे ५७,००० लिटर एसटीपीत येतं. फ्लशला माणशी ४५ लिटर, म्हणजे २२,५०० लिटर. हजार चौरस मीटर बागेला ५,००० लिटर. उरलेलं जवळपास ३०,००० लिटर जातं कुठे? ड्रेनेजलाइनमध्ये किंवा नाल्यात. पावसाळ्यात बागेचेही ५,००० त्यात मिळवा.

आणि हे एसटीपी नीट चालत असेल तर. ताबा सुरू होतो तेव्हा १०० पैकी पंधरा-वीस घरं भरलेली असतात. सांडपाणी कमी आलं की जिवाणूंना खाद्य मिळत नाही, टाकी नासते, वास येतो, मग टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद करून टाकतात. ५ एचपीचा ब्लोअर पूर्ण भाराने २० तास चालला तर दिवसाला सत्तर-पंचाहत्तर युनिट खातो. गच्चीवरच्या १० किलोवॅट सोलरमधून सरासरी ४० युनिट मिळतात. ‘कॉमन वीज मोफत’ म्हणणाऱ्याला लिफ्ट आणि पंप यात कुठे बसवले, ते विचारा.

त्याच बिल्डरच्या तयार इमारतीत परवानगी घेऊन गच्चीवर जा. पिण्याची आणि फ्लशची टाकी वेगळी आहे का? फ्लशच्या टाकीत साध्या पाण्याची एक जोडलाइन उतरलेली असते. एसटीपी बंद पडलं तर तिचा व्हॉल्व्ह उघडायचा असतो. तो कायमचाच उघडा असेल, तर त्या इमारतीत टँकरचं विकतचं पाणी फ्लशमध्ये जातंय. खाली एसटीपीच्या खोलीत शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या मीटरचं आणि विजेच्या सबमीटरचं मागच्या महिन्याचं रीडिंग मागा. काटा हललेला नसेल तर पुढची चौकशी नको.

‘७० टक्के मोकळी जागा’ यात गाड्यांचा रस्ता आणि पोडियमचा, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरचा स्लॅबही मोजलेला असतो. स्लॅबवरच्या तीन-चार फूट मातीत वड-पिंपळ वाढत नाहीत, एवढं सांगून पुढे जाऊ.

कागदाचं काम मात्र सोडू नका. पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि त्यातल्या अटी पाळल्याचा दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल मागून घ्या. तोंडी सांगितलेली प्रत्येक सोय क्षमतेसह करारनाम्याच्या परिशिष्टात घाला: ‘सोलर’ नको, ‘१० किलोवॅट, नेट मीटरसह’ हवं. ब्रोशर जपून ठेवा, कारण जाहिरातीतल्या खोट्या विधानामुळे नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. शिवाय १५ ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘इको-फ्रेंडली’सारखा मोघम शब्द वापरणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो.

आणि फेरी शक्यतो मे महिन्यात मारा. गेटवरच्या वॉचमनकडे टँकरची नोंदवही असते.