चौथा पिरियड

गोव्यातल्या आमच्या शाळेचं टाइमटेबल गेली अकरा वर्षं मी करतो. मी मराठीचा शिक्षक. शाळा सुरू होण्याआधी स्टाफरूममधल्या लांब टेबलावर कार्डशीट पसरायची, फूटपट्टीने चौकटी आखायच्या आणि पेन्सिलीने भरत जायच्या. पेन वापरायचं नाही, हा आमचा जुना नियम. आठ पिरियड, शनिवारी पाच. कुणाला पहिला नको असतो, कुणाला शेवटचा, आणि पीटीसाठी मैदान एकच.

जून २०२४मध्ये गणिताच्या टीचर दहावीतल्या एका मुलीला घेऊन माझ्यापाशी आल्या. नववीच्या सुट्टीतच तिने दहावीचं गणिताचं पुस्तक संपवलं होतं. वर्गात ती शांत बसायची, सांगितलेली गणितं दहा मिनिटांत सोडवायची आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघायची. टीचर म्हणाल्या, "हिला अकरावीच्या गणिताला बसू द्या. हायर सेकंडरीच्या प्रिन्सिपलना विचारलंय, ते हो म्हणालेत. फक्त टाइमटेबल बघा, सर."

आमची हायर सेकंडरी त्याच आवारात, मैदानाच्या पलीकडे. अकरावीचे प्रवेश होऊन त्यांचे वर्ग आमच्यानंतर सुरू होतात, त्यामुळे त्यांचं टाइमटेबल हातात यायला पंधरवडा गेला. तोवर आमचं भिंतीवर लागलं होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवलं. अकरावीला आठवड्यात गणिताचे सहा पिरियड. त्यातला एक तिच्या पीटीवर येत होता, एक कार्यानुभवावर, एक विज्ञानावर. उरलेले तीन सोमवारी, बुधवारी आणि गुरुवारी चौथ्या पिरियडला. तो माझा मराठीचा पिरियड.

टाइमटेबल कधी न केलेल्या माणसाला वाटतं, दोन चौकटींची अदलाबदल केली की झालं. भाषेच्या पिरियडचं तसं नसतं. आमच्याकडे दहावीच्या दोन्ही तुकड्यांतली मुलं मराठी, कोंकणी आणि संस्कृत अशी तीन वर्गांत विभागली जातात. म्हणजे तीन शिक्षक, तीन खोल्या आणि दोन तुकड्या एकाच वेळी मोकळ्या लागतात. माझा पिरियड हलवायचा तर कोंकणीच्या टीचर आणि संस्कृतचे सर हलतात, आणि ज्या जागी आम्ही जाणार तिथले दोन शिक्षक उठतात. एका मुलीसाठी पाच माणसं.

सोपी उत्तरं मला लगेच मिळाली. एकाने सुचवलं, मराठी बुडू दे, ती हुशार आहे, काढील मार्क. दुसऱ्याने सांगितलं, लायब्ररीत बसवा, अकरावीचं पुस्तक द्या. लायब्ररीचं मला पटत नव्हतं. पुस्तक तिच्याकडे होतंच. तिला हवं होतं ते अडल्यावर विचारायला कुणीतरी, आणि फळ्यावर चुकलेली पायरी चारचौघांत पुसून पुन्हा लिहिण्याची संधी. एकटीने पुस्तक वाचणं तिचं घरी चालूच होतं. पणजीला क्लासला पाठवा असंही कुणी म्हणालं. तिच्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१८मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हापासून ते मिळेल ते भाडं मारतात. क्लासची फी एक वेळ जमवली असती, पण संध्याकाळी सातनंतर त्यांच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, बस जात नाही.

मला राहून राहून दुसरा एक मुलगा आठवत होता. काही वर्षांपूर्वी असंच विचारायला आला होता. तेव्हा मी कागद उघडलासुद्धा नाही. "अकरावीत गेलास की शिकशीलच की," एवढं बोलून मी त्याला परत पाठवलं. त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही. मला नाही, गणिताच्या टीचरनाही नाही. त्याचं ते गप्प होणं माझ्याकडून झालं, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून या वेळी मी तिलाच शेजारी बसवलं आणि कुठे काय अडतंय ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढून घेऊन आली. नुसते ठिपके आणि रेघा. प्रत्येक पिरियड म्हणजे एक ठिपका. दोन पिरियडना शिक्षक, तुकडी किंवा खोली एकच लागत असेल तर त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ. मग ठिपके रंगवायचे, रंग म्हणजे वेळ, आणि रेघेने जोडलेल्या दोघांना एकच रंग द्यायचा नाही. टाइमटेबल म्हणजे हेच, ग्राफ रंगवणं, असं तिने मला समजावलं. शेजारच्या प्रदेशांना एकच रंग न देता कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे १९७६ साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं, हेही मला तिच्याकडूनच कळलं. टाइमटेबलच्या जाळ्याला मात्र चार पुरतीलच असं नाही.

तिच्या कागदावर एक ठिपका कमी होता. मी म्हटलं, "कोंकणीच्या टीचरचा सातवा-आठवा राहिला." सोमवारी आणि बुधवारी त्यांचे शेवटचे दोन पिरियड मोकळे असत.

ती म्हणाली, "सर, पण तो पिरियड नाही ना. तिथे वर्ग कुठे आहे?"

बरोबर होतं. इतकी वर्षं ती मोकळी जागा मी भरलेली धरून चाललो होतो, कारण टीचर वाळपईहून येतात आणि त्या दोन दिवशी लवकरची बस पकडतात. भाषेचा ब्लॉक चौथ्यावरून सातव्यावर नेला आणि सातव्यातले समाजशास्त्र व विज्ञान चौथ्यावर आणले की सोमवार-बुधवार सुटत होते. तिची चौथ्याची अडचण मात्र उरत होती, कारण तिच्या तुकडीला तिथे समाजशास्त्र येणार. पण समाजशास्त्राच्या सरांचे दुसऱ्या तुकडीचे पिरियड वेगळ्या वेळी होते आणि त्या वेळी तिला पीटी होती. तिथे ती बसू शकत होती.

कागदावर हे जमलं, आता टीचरना विचारायचं होतं. त्यांनी कागद बघितला आणि पहिलं वाक्य कोंकणीत आलं, "सर, म्हजी बस चुकतली." मी काहीच बोललो नाही. त्यांच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून सांगितलं की घरी विचारलंय, चालेल. वर्षभर आठवड्यातून दोनदा त्या तास-दीड तास उशिरा घरी पोचल्या. या सगळ्यात सर्वांत जास्त कुणी दिलं असेल तर त्यांनी, आणि त्या मुलीला गणितातलं एक अक्षर त्या शिकवत नव्हत्या.

गुरुवार सुटला नाही. संस्कृतचे सर गुरुवारी पाचव्या पिरियडपर्यंतच आमच्याकडे असतात, मग दुसऱ्या शाळेत जातात. ब्लॉक हलवायला जागाच नव्हती. तेव्हा ठरलं की गुरुवारी ती गणिताला जाईल आणि शनिवारी शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं माझ्याकडे मराठी करील. विज्ञानावर येणारा अकरावीचा पिरियड सोडून दिला, त्याचं टिपण मैत्रिणीकडून घ्यायचं. सहापैकी पाच मिळाले.

मस्टरचा प्रश्नही साधा नव्हता. मुलगी दहावीच्या वर्गात नाही आणि अकरावीच्या पटावरही नाही, मधल्या वेळेत काही झालं तर जबाबदार कोण? हेडसरांनी पालकांकडून पत्र घेतलं, आणि वर्गशिक्षक हजेरीपुढे लाल शाईने बारीक 'ग' लिहू लागले. मैदान ओलांडायला चार मिनिटं. जुलैत मैदानात घोटाभर पाणी असतं. ती चप्पल हातात घेऊन, वही पोटाशी धरून, छत्री वाऱ्याच्या दिशेला तिरकी करत जायची. स्टाफरूमच्या खिडकीतून मला ती दिसायची. चाळीस मिनिटांच्या पिरियडमधली आठ जाण्यायेण्यात जायची, म्हणून पलीकडच्या सरांनी नवा भाग पहिल्या पाच मिनिटांत सुरू करणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

शनिवारच्या चाळीस मिनिटांबद्दल थोडं लिहायला हवं. तिचे निबंध चार ओळींचे असायचे. एका शनिवारी ती गणिताची वही तशीच उघडी ठेवून बसली होती. अकरावीच्या पुस्तकातून मॅथेमॅटिकल इंडक्शनचा धडा काढून टाकला आहे, पण ऑलिंपियाडला तो लागतो, म्हणून पलीकडच्या सरांनी तिला तो वेगळा शिकवला होता. पानभर नुसती चिन्हं. खाली सरांचा शेरा, "कारण लिहा." मी विचारलं, हे तोंडी सांगशील? ती सांगत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेलो. समजा, एका संख्येसाठी हे खरं आहे. असं धरलं तर. त्यामुळे पुढच्या संख्येसाठीही. म्हणजेच. गणित मला अर्धंच कळलं, पण वाक्य कुठे तुटतं ते नेमकं कळलं. पुढच्या सगळ्या शनिवारी आम्ही आधी एक सिद्धता मराठीत लिहून काढायचो आणि मग पाठ्यपुस्तकाकडे वळायचो. दिवाळीपर्यंत तिचा निबंध दीड पानावर गेला होता.

त्याआधी आला होता सप्टेंबर. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, ८ सप्टेंबरला होती. तीन तासांत तीस प्रश्न, शंभर मार्क, प्रत्येक उत्तर शून्य ते नव्व्याण्णवमधली पूर्ण संख्या. आणि चतुर्थी ७ तारखेला. गोव्यात चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यांच्या मूळ घरी दीड दिवसाचा गणपती, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, पंचवीस माणसं, पंचमीची नवी कणसं आणि संध्याकाळी विसर्जन. केंद्र घरापासून तासभर लांब. ही चौकट माझ्या हातातली नव्हती. तिची आई मला म्हणाली, मोठ्यांपुढे विषय काढायलाच भीती वाटते. शेवटी तिच्या आजीनेच मिटवलं. सकाळची आरती साडेसहाला उरकली आणि दुपारची ती परत येईपर्यंत थांबवली. वडील तिला स्कूटरवरून घेऊन गेले. पुढच्या फेरीत तिची निवड झाली नाही. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, सतरावं मला आता येतं," आणि वहीचं पान पुढे केलं.

दहावी तिची चांगली झाली. आता ती मैदानाच्या पलीकडे अकरावीत आहे आणि तिला बारावीच्या गणिताला बसायचं आहे. तिथे तिच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलचा जोडपिरियड आडवा येतो, आणि लॅब एकच. तिथलं टाइमटेबल करणाऱ्या सरांचा काल फोन आला. मुलगी ठिपक्यांचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेली होती. तुमच्या भाषेच्या ब्लॉकचं तेव्हा नेमकं काय केलं होतं, असं त्यांनी विचारलं. फोनवर सांगून कळण्यासारखं नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर गेल्या वर्षीचं कार्डशीट गुंडाळून त्यांच्याकडे जाणार आहे. कोंकणीच्या टीचरही येते म्हणाल्यात.