आमची वाटचाल : मुठेकाठचे पाळणे

माझे वडील गावोगावच्या जत्रांतून हाताने फिरवायचा लाकडी पाळणा घेऊन हिंडत. पुण्यात सिंहगड रस्त्यालगत मुठेच्या काठी एका शेतकऱ्याची जागा भाड्याने मिळाली, तेव्हा त्यांनी फिरती थांबवली आणि तिथे मेरी-गो-राउंड, टोराटोरा व मुलांची झुकझुकगाडी असे लहानसे उद्यान उभे केले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही नदीकाठच का धरला, असे मी एकदा विचारले, तेव्हा ‘‘परवडणारी जागा तेवढीच होती,’’ इतकेच ते म्हणाले.

टेमघर, वरसगाव आणि पानशेत भरत आली आणि घाटमाथ्यावर पाऊस थांबला नाही, की सगळे पाणी खालच्या खडकवासल्यात येते आणि त्या मानाने लहान असलेल्या या धरणात ते मावत नसल्याने मुठेत सोडावे लागते. ऑगस्ट 2019 मध्ये विसर्ग 45 हजार क्युसेकच्या घरात गेला, तेव्हा पाणी आमच्या तिकीटखिडकीच्या पायरीला लागून ओसरले. 25 जुलै 2024 च्या पहाटे विसर्ग त्याहून कमी, 35 हजारांच्या आसपास होता आणि पाणी मात्र खिडकीच्या वर चढले. मधल्या काळात काठावर पडलेल्या भरावाचाच हा परिणाम, असे माझे मत आहे. त्याविषयी एका कार्यालयात तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच जपून ठेवली आहे.

त्या पुरानंतर गिअरबॉक्स उघडला तर आतले तेल दुधट झालेले, बेअरिंगमध्ये बोटाला खरखरणारा गाळ आणि सहाही मोटारी रिवाइंडिंगला. विम्याच्या सर्व्हेअरने घसारा वजा करून जे दिले, त्यात जेमतेम तांब्याची तार आली.

आता विजेचे पॅनल आठ फुटी चौथऱ्यावर आहे. नदीपात्रातला सखल बाबा भिडे पूल पाण्यामुळे बंद झाल्याची बातमी आली, की पुढच्या विसर्गाची वाट न पाहता आम्ही मोटारींचे बोल्ट सोडतो. चार माणसे आणि एक चेनब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी), अडीच तासांत सगळे टेम्पोत. मेरी-गो-राउंडचे घोडे तर जूनमध्येच आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतात आणि दसऱ्यापर्यंत तिथल्या मुलांना त्यांवर बसायला तिकीट लागत नाही.