सप्तर्षी एक लाख वर्षं पुढे नेताना

तारे हळूहळू सरकतात; त्यामुळे सप्तर्षींची आकृती लाख वर्षांत कशी बदलते याचं हलतं चित्र बनवायचं, तर आधी हे पाहा: त्यांच्या सातांपैकी पाच तारे एकाच कुळातले. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ साधारण 80 प्रकाशवर्षांवर आहेत आणि जवळजवळ एकाच दिशेला, पूर्वेकडे सरकताहेत. दोन टोकांचे क्रतू आणि मरीची मात्र उपरे. ते अनुक्रमे सुमारे 123 आणि 104 प्रकाशवर्षांवर आहेत आणि चाललेत पश्चिमेकडे. आकृती मोडते ती या दोघांमुळे. मृगाच्या त्रिकांडावर हाच उद्योग करून पाहिला तर हाती काही लागत नाही: ते तीन तारे लाख वर्षांत दहा कलाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) हलत नाहीत.

माहितीसाठी हिप्पार्कस या ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या उपग्रहाचा कॅटलॉग घ्या, 2007 ची सुधारित आवृत्ती. त्यानंतरची गाया दुर्बीण कितीतरी अचूक, पण इतके तेजस्वी तारे तिच्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत. क्रतूपासून मरीचीपर्यंत हिप्पार्कस क्रमांक असे: 54061, 53910, 58001, 59774, 62956, 65378, 67301. रेषा जोडतानाही हेच क्रमांक वापरा, नावांच्या स्पेलिंगवर विसंबू नका. अरीय वेग (तारा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) या कॅटलॉगमध्ये नसतो, तो वेगळा जोडावा लागतो. आणि काळ मोजायचा तो 1991.25 पासून, कारण कॅटलॉगमधली स्थानं त्या वेळची आहेत.

सगळ्यात जास्त घोळ होतो विषुवांशातल्या निजगतीचा. विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश; निजगती म्हणजे तारा आकाशात दरवर्षी किती सरकतो ते. हिप्पार्कस आणि गाया दोन्हींत हा आकडा क्रांतीच्या कोसाइनने आधीच गुणलेला असतो. तो वर्षांनी गुणून थेट विषुवांशात मिळवला, तर क्रतूची (क्रांती सुमारे 62 अंश) पूर्व-पश्चिम चाल निम्म्याहून कमी भरते. आकृती बदलते, पण चुकीची, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून विषुवांश-क्रांतीत बेरीज करूच नका, सरळ त्रिमितीत जा. पराशय म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकलेला दिसतो तो कोन. 1000 भागिले पराशय (मिलीआर्कसेकंदांत, म्हणजे अंशाच्या 36 लाखाव्या भागांत) म्हणजे पार्सेकमधलं अंतर (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं); त्यावरून आणि विषुवांश-क्रांतीवरून स्थानाचे क्ष, य, झ काढा. आडवा वेग = 4.74047 × निजगती ÷ पराशय, उत्तर सेकंदाला किलोमीटरमध्ये. क्रतूची निजगती वर्षाला सुमारे 138 आणि पराशय 26.5 मिलीआर्कसेकंद, म्हणजे वेग साधारण 24.7. हा वेग त्या ताऱ्यापाशी पूर्व आणि उत्तर दिशांच्या एकक सदिशांवर (1 लांबीच्या दिशादर्शक बाणांवर) टाका, अरीय वेग दृष्टिरेषेवर, आणि तिन्हींची बेरीज करा. सेकंदाला 1 किलोमीटर म्हणजे लाख वर्षांत 0.1023 पार्सेक. नवं स्थान = जुनं + वेग × काळ; मग पुन्हा कोन काढा. लाख वर्षांसाठी सरळ रेषा पुरते, कारण दीर्घिकेभोवतीची एक फेरी वीसेक कोटी वर्षांची आहे. नव्या अंतरावरून प्रतही (ताऱ्याच्या तेजाचा आकडा) बदला: जुनी प्रत + 5 × लॉग (नवं अंतर ÷ जुनं अंतर), लॉग दहाच्या पायाचा.

परांचन (पृथ्वीच्या अक्षाचं सावकाश डोलणं) यात मिसळू नका. त्याने ध्रुव फिरतो, ताऱ्यांमधली कोनीय अंतरं नाही. सगळं गणित एकाच स्थिर चौकटीत ठेवा. नकाशाचा मध्यही स्थिर ठेवा, नाहीतर फ्रेमगणिक चित्र उड्या मारतं. पूर्व डावीकडे येईल असा आडवा अक्ष उलटा लावा. हे विसरलं की सप्तर्षी आरशात दिसतात.

चित्र काढण्याआधी दोन चाचण्या. काळ शून्य असताना क्रतू-पुलह अंतर 5.4 अंश आलं पाहिजे. आणि स्वातीला इसवी सनपूर्व 130 पर्यंत मागे नेलं की तो सुमारे 1.3 अंश सरकला पाहिजे. स्वाती, व्याध आणि रोहिणी जुन्या नोंदींच्या जागी राहिलेले नाहीत हे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने 1718 मध्ये दाखवलं ते यामुळेच.

लाख वर्षांनी क्रतू आजच्या जागेपासून जवळपास 4 अंश पश्चिमेला गेलेला दिसेल आणि चौकोन त्या कोपऱ्यातून ताणला जाईल. शेपटीकडे गंमत जास्त: आज वसिष्ठाच्या पूर्वेला असलेला मरीची पश्चिमेला पोचतो आणि शेपटी खाली मोडल्यासारखी वळते. 1000 वर्षांची पायरी घेऊन उणे एक लाख ते अधिक एक लाख चालवलं तर 201 फ्रेम होतात, सेकंदाला 25 प्रमाणे आठ सेकंद.

या चित्रात अरुंधतीची जागा मात्र खरी धरू नका. ती आज वसिष्ठापासून जेमतेम 12 कलांवर आहे, आणि निजगतीत वर्षाला 5 मिलीआर्कसेकंदांचा फरक पडला तरी लाख वर्षांत 8 कला होतात. वसिष्ठ म्हणजे चार ताऱ्यांची गाठ. त्यांचं एकमेकांभोवती फिरणं मोजलेल्या निजगतीत मिसळतं, आणि आपलं गणित त्यालाच कायमची सरळ चाल समजतं.