अंदाज न बांधणारे साधन

वैज्ञानिक कामात वापरले जाणारे बरेचसे छोटे प्रोग्राम व्यावसायिक प्रोग्रामर लिहीत नाहीत. ज्याचे काम अडलेले असते तो संशोधकच ते लिहितो. उपकरणातून आलेली फाइल वाचायची, तिच्यातला हवा तो स्तंभ निवडायचा, सरासरी किंवा उतार काढायचा आणि निकाल पुढच्या पायरीकडे सोपवायचा, एवढेच त्यांचे काम असते. अशी साधने मी बरीच वर्षे स्वतःसाठी आणि सहकाऱ्यांसाठी लिहीत आलो आहे, आणि त्यांच्याविषयी माझे एक मत पक्के होत गेले आहे: साधनाने वापरणाऱ्याच्या वतीने अंदाज बांधू नये. माहिती अपुरी असेल किंवा तिचे दोन अर्थ निघत असतील, तर त्याने तिथेच थांबावे आणि का थांबलो ते स्पष्ट सांगावे.

दर मिनिटाला तापमान नोंदवणारे एखादे उपकरण विचारात घेऊ. दिवसाच्या १४४० नोंदी होतात. समजा, दिवसभर तापमान २५ अंश होते आणि फक्त एका मिनिटाला संवेदकाकडून वाचन आले नाही, म्हणून उपकरणाने तिथे ‘नोंद नाही’ या अर्थाने -९९९ लिहिले. हा संकेत माहीत नसलेला प्रोग्राम त्याला खरे तापमान समजून सरासरी काढतो आणि उत्तर येते २४.२९. सरासरी उणे चारशे आली असती तर कोणीही दचकून मूळ फाइल उघडली असती. पाऊण अंशाहून थोडा कमी असलेला हा फरक मात्र आलेखात सहज खपून जातो, आणि ऋतुमानातील बारीक बदल शोधणाऱ्या अभ्यासात तोच फरक निष्कर्ष म्हणून मांडला जाऊ शकतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे -९९९ दिसताच प्रोग्रामने ती नोंद गाळावी. मला तो पटत नाही, कारण तोही अंदाजच आहे: मिलिव्होल्टमध्ये विद्युतदाब नोंदवणाऱ्या फाइलीत -९९९ हे अगदी खरे वाचन असू शकते. म्हणून माझ्या साधनांना गहाळ नोंदीची खूण वापरणाऱ्यानेच सांगावी लागते, संभाव्य मूल्यांची मर्यादाही द्यावी लागते, आणि त्या मर्यादेबाहेरचा आकडा आला तर साधन त्या ओळीचा क्रमांक दाखवून थांबते. काही नोंदी गाळल्या असतील तर उत्तरासोबत ‘१४४० पैकी १४३९ नोंदी वापरल्या’ असे छापले जाते. ही ओळ छापायला काहीच कष्ट पडत नाहीत, तरी ती बहुतेक प्रोग्रामांत नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तारखांचेही तसेच आहे. ०३/०४/२०२१ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे ती तारीख पाहून कोणालाही सांगता येणार नाही. मग ते प्रोग्रामने का ठरवावे? वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेली २०२१-०४-०३ अशी तारीखच माझे साधन स्वीकारते. अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने काय होते याचे ठळक उदाहरण जनुकशास्त्रात आहे. ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी चिन्हे असलेली जनुके स्प्रेडशीटमध्ये भरली की त्यांच्या आपोआप तारखा होत, आणि असे बिघडलेले तक्ते शोधनिबंधांसोबत प्रसिद्धही झाले. शेवटी २०२० साली मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ही चिन्हेच बदलल्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअरच्या एका गृहीतकापुढे विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

एककांबद्दल फार लिहीत नाही. १९९९ साली ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ गमावले गेले ते एका सॉफ्टवेअरने आवेग (बल गुणिले वेळ) पाउंड-सेकंदात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदात आहे असे मानले म्हणून. या दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. स्तंभाच्या नावातच एकक लिहिण्याची सक्ती केली तरी अशा चुकांची वाट बरीचशी बंद होते.

गणिताचा भाग मात्र शक्यतो स्वतः लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्रमाण विचलन (संख्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) काढण्याचे पाठ्यपुस्तकातले सोपे सूत्र, म्हणजे वर्गांच्या बेरजेतून बेरजेच्या वर्गाचा हिस्सा वजा करणे, कागदावर निर्दोष आहे. पण एक अब्ज एक, एक अब्ज दोन आणि एक अब्ज तीन या तीन संख्या त्याला देऊन पाहा. उत्तर १ यायला हवे. परंतु या संख्यांचे वर्ग १९ अंकी होतात आणि संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेत जेमतेम १५-१६ सार्थ अंक टिकतात, त्यामुळे ज्या फरकावर उत्तर अवलंबून असते तोच वजाबाकीत नाहीसा होतो. वेलफर्ड यांनी १९६२ साली मांडलेली पद्धत एकेक संख्या घेत सरासरी आणि तिच्यापासूनची फारकत सुधारत जाते, म्हणून ती हा धोका टाळते. चांगल्या लायब्ररींत, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार प्रोग्रामांच्या संग्रहांत, अशा गोष्टींचा विचार आधीच झालेला असतो, तेव्हा आपला वेळ फाइल नीट वाचण्यावर आणि तपासण्यांवर खर्च करावा.

साधनाला खिडक्या-बटणे असावीत का, असे मला विचारले जाते. माझे उत्तर बहुधा नाही असेच असते. कमांड लाइनवर, म्हणजे मजकूर टंकून, दिलेली आज्ञा जशीच्या तशी जपून ठेवता येते. कोणते बटण कधी दाबले याची नोंद सहसा राहत नाही. माझी साधने ती पूर्ण आज्ञा, स्वतःची आवृत्ती आणि मूळ फाइलीचे नाव निकालाच्या पहिल्या ओळींत लिहितात. यादृच्छिक संख्या वापरल्या असतील तर त्यांचे बीजही, म्हणजे ज्या आकड्यापासून तोच क्रम पुन्हा निर्माण करता येतो तो आकडाही, तिथेच येते.

शेवटचा मुद्दा चाचणीचा. खऱ्या माहितीवर साधन चालवले की उत्तर बरोबर आहे का हे कळत नाही, कारण ते उत्तर आपल्याला आधी ठाऊकच नसते. म्हणून मी कृत्रिम फाइल बनवतो: उतार बरोबर २ असलेली सरळ रेषा, तिच्या मूल्यांत थोडे यादृच्छिक चढउतार, मध्ये काही गहाळ नोंदी आणि मुद्दाम बिघडवलेली एक ओळ. साधनाने उतार २ च्या अगदी जवळ द्यावा आणि त्या ओळीवर अडावे. २००६ साली प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांवरील पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले, कारण प्रयोगशाळेतल्या एका घरगुती प्रोग्रामने माहितीच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती आणि त्यामुळे रचना उलट्या निघाल्या होत्या. ज्याची रचना आधीपासून निश्चित माहीत आहे असे एखादे प्रथिन त्या प्रोग्राममधून एकदा पार करून पाहिले असते, तर ही अदलाबदल तेव्हाच उघडी पडण्याची शक्यता होती.