जुना सीबी अँटेना: किती कापू?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात पडलं की नव्या मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: 'जुना सीबी (सिटिझन्स बँड रेडिओचा) अँटेना पडून आहे, तो 10 मीटर बँडवर चालेल का? किती कापू?' तुम्हीही तेच विचारलंत. चालेल, आणि उत्तम चालेल. फक्त करवत इतक्यात काढू नका.

सीबीचे 40 चॅनल 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झमध्ये बसतात. आपला 10 मीटर बँड 28.0 ते 29.7. अगदी शेजारी. अमेरिकेत तर 1958 पर्यंत ही 27 मेगाहर्ट्झची जागाही हॅमकडे होती, नंतर ती सीबीला गेली. त्यामुळे 27.2 वरून 28.4 वर यायला लांबी जेमतेम सव्वाचार टक्के कमी करावी लागते. पाव तरंगलांबीचा उभा अँटेना साधारण 2.62 मीटरचा असतो, तो 2.51 चा करायचा. 11 सेंटीमीटरचा फरक. खालचे रेडियलही (पायथ्यापासून बाहेर पसरलेल्या काड्या) त्याच प्रमाणात आखूड करा, हे बरेच जण विसरतात.

पण हा 11 चा आकडा पूर्ण लांबीच्या अँटेनाचा आहे. तो मी एकदा गाडीवरच्या छोट्या व्हिपला लावला. तळाशी कॉइल, वर जेमतेम 60 सेंटीमीटरची स्टीलची काडी. एका फटक्यात 11 सेंटीमीटर उडवले, मीटर जोडला, तर रेझोनन्स (अँटेना ज्या वारंवारतेला जुळतो ती) 30 मेगाहर्ट्झपाशी, बँडच्या पार बाहेर! कॉइलवाल्या आखूड अँटेनात वरची काडी थोडी जरी कमी झाली तरी वारंवारता भराभर चढते. पाच सेंटीमीटर पुरले असते. चांगला अँटेना हातचा गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून व्हिप मी अर्धा-अर्धा सेंटीमीटरच कापतो, प्रत्येक वेळी मोजतो आणि शेवटचे काही मिलिमीटर कानशीने घासून काढतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, स्टीलचा कण डोळ्यात गेला तर खेळ नाही.

एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा मोठा अँटेना असेल तर तुमचं नशीब चांगलं. काही कापायचंच नाही. क्लॅम्प सैल करा, नळी आत सरकवा. 5/8 तरंगलांबीचा असेल तर जवळपास 29 सेंटीमीटर आत जाईल. खरी मेहनत जोड सोडवण्याची असते. वर्षानुवर्षांच्या पावसाने तिथे पांढरट भुकटी धरते आणि नळ्या एकजीव होतात. हातोडा नको. तेल सोडा, रात्रभर राहू द्या, मग पिळत पिळत ओढा. सुटलेला भाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, कारण ती भुकटी वीज वाहू देत नाही. नाहीतर त्या जोडामुळे एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) वाऱ्यागणिक हलत राहील आणि तुम्ही दोष लांबीला देत बसाल.

मोजताना 28.0 आणि 29.0 अशा दोन्ही ठिकाणी एसडब्ल्यूआर बघा. 28.0 ला कमी असेल तर अँटेना अजून लांब आहे. 29.0 ला कमी असेल तर आखूड झालाय. एसडब्ल्यूआरचा तळ योग्य वारंवारतेवर आला पण आकडा 2 च्या खाली उतरतच नाही, तर लांबीला हात लावू नका; पायथ्याच्या कॉइलवरचा टॅप (कॉइलला तार जोडलेली जागा) थोडा सरकवून बघा. आणि खांब उतरवताना-चढवताना विजेच्या तारा जवळपास नाहीत ना, ते आधी पाहा.

12 मीटर बँडसाठी उलट लांबी वाढवावी लागते, नळ्यांत ती सहज मिळते. 6 मीटरसाठी मात्र मी जुना सांगाडा मोडून नळ्या नव्याने जोडतो.

सगळं जुळलं की लगेच माईक दाबू नका. 28.200 मेगाहर्ट्झवर सीडब्ल्यू (मोर्स ऐकण्याचा मोड) लावून ऐका. तिथे जगभरची बीकन स्टेशनं (आपोआप खुणेचे संदेश पाठवणारी) आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात: आधी कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), मग चार लांब डॅश. पहिला डॅश 100 वॉटचा, पुढचे 10, 1 आणि 0.1 वॉटचे. वळवलेल्या सीबी अँटेनावर मला पहिल्याच संध्याकाळी तिसरा डॅश ऐकू आला होता. एक वॉट, समुद्रापलीकडून.