शेवटून पहिली

मी बनवलेला पहिला डॅशबोर्ड अजून माझ्याकडे आहे. फाइलचं नाव ‘टीम आढावा फायनल ३’. दोन शनिवार-रविवार त्यात घातले होते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सात वर्षं काढून मी नुकतीच मॅनेजर झाले होते, सात जणांची टीम हाताखाली आली होती, आणि वरून दर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न यायचा, "टीम कशी चाललीये?" मी "बरी चाललीये" म्हणायचे. एकदा साहेब म्हणाले, "बरी म्हणजे किती?" त्या रात्री स्प्रेडशीट उघडली.

प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने: आठवड्याचे कमिट, मर्ज झालेले पीआर, स्टोरी पॉइंट, बंद केलेले बग. कमिट म्हणजे कोडमधला साठवलेला एक बदल; पीआर म्हणजे दुसऱ्याने वाचून तपासायला, म्हणजे रिव्ह्यूला, ठेवलेले बदल, आणि ते मूळ कोडमध्ये मिसळले की मर्ज; स्टोरी पॉइंट म्हणजे काम किती मोठं याचा टीमने ठरवलेला अंदाज. चारांचं मिळून एक ‘गुणांकन’. ते कसं काढलं होतं हे आज कुणी विचारलं तर मी विषय बदलेन. वरच्यांना हिरवा रंग, खालच्यांना लाल. सॉर्टचं बटण दाबलं आणि शेवटून पहिली आली ती नेमकी जिच्या टेबलापाशी दिवसभर कुणी ना कुणी उभं असायचं.

खरं सांगायचं तर ‘डॅशबोर्ड चुकलाय’ असं माझ्या मनात आलंच नाही. ‘खरंच, ही दिवसभर करते तरी काय?’ असं आलं.

योगायोगाने त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कामासाठी मला अख्खा दिवस तिच्या शेजारी बसावं लागलं. सकाळी नवीन आलेला मुलगा डेटाबेसचं मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेणारी स्क्रिप्ट, घेऊन आला. तिने स्क्रिप्टकडे बघायच्या आधीच विचारलं, "जुन्या नोंदींमध्ये हा रकाना रिकामा आहे, त्यांचं काय होणार?" तो डोकं खाजवत परत गेला. मग दुसऱ्या टीममधून कुणीतरी आलं, त्यांचा एपीआय, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय, मधूनच टाइमआउट होत होता, म्हणजे वेळेत उत्तर देत नव्हता, त्यात तास गेला. दुपारी तिने सहाशे ओळींचा एक पीआर वाचायला घेतला. मला वाटलं वीस मिनिटांचं काम. दोन तास लागले. मध्येच कागद ओढून बाण काढत बसली, मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ." पेमेंटची विनंती टाइमआउट झाली की कोड ती पुन्हा पाठवत होता. पहिली विनंती पलीकडे पोचलेली असू शकते आणि फक्त उत्तर यायचं राहिलेलं असू शकतं, हे कुणी धरलंच नव्हतं. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले असते. तिने कमेंट लिहिली: प्रत्येक विनंतीला सुरुवातीलाच एक क्रमांक द्या, पुन्हा पाठवताना तोच वापरा, म्हणजे पलीकडच्याला ओळखता येईल. संध्याकाळी उरलेल्या वेळात स्वतःचं काम म्हणून एका जुन्या फंक्शनमधल्या चाळीस ओळी उडवल्या.

त्या दिवशी माझ्या स्प्रेडशीटमध्ये तिच्या नावावर जमा झालं: एक कमिट.

ओळी उडवण्यावरून आठवलं. १९८२ च्या सुमारास ॲपलच्या लिसा संगणकाच्या टीममध्ये मॅनेजरांनी दर आठवड्याला एक फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली, या आठवड्यात किती ओळी कोड लिहिला म्हणून. तिथल्या बिल ॲटकिन्सन या प्रोग्रॅमरने तेव्हा क्विकड्रॉमधला, म्हणजे पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कोडमधला, एक भाग नव्याने लिहून जवळपास सहापट वेगवान केला होता आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. टेस्टर असताना मीच ती लोकांना हसून सांगायचे.

तरीही डॅशबोर्ड लावला. ‘अगदी बरोबर नसेल, पण अंदाज तर येतो’ अशी स्वतःची समजूत काढली. महिन्याभरात आकडे जवळजवळ दुप्पट झाले आणि साहेब खूश झाले. एका पीआरचे तीन होऊ लागले: एकात फाइलचं नाव बदललेलं, दुसऱ्यात कोड, तिसऱ्यात टेस्ट. गेल्या महिन्यात ३ पॉइंटचं असलेलं काम आता सर्वानुमते ५ चं ठरायचं. रिव्ह्यूला ठेवलेल्या भल्यामोठ्या पीआरवर दोन मिनिटांत "छान दिसतंय" पडायचं, कारण रिव्ह्यूचा रकाना मी ठेवलाच नव्हता. लबाडी कुणी करत होतं असं मला आजही वाटत नाही. हुशार माणसांच्या हातात मी खेळाचे नियम दिले होते आणि ती नियमाप्रमाणे खेळत होती.

याला गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट हे अर्थतज्ज्ञ; १९७५ मध्ये त्यांनी तो ब्रिटनच्या चलनविषयक धोरणाबद्दल मांडला. माप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही, हे आपण ऐकतो ते सुटसुटीत रूप मात्र मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांचं, १९९७ मधलं.

मला शहाणपण सुचलं म्हणून डॅशबोर्ड बंद झाला, असं लिहायला आवडलं असतं. झालं वेगळंच. ज्या तिमाहीत आमचे आकडे सगळ्यात हिरवे होते त्याच तिमाहीतला मोठा रिलीज तीन आठवडे लांबला. ज्यांच्यासाठी काम चाललं होतं त्यांच्याकडच्या बाई मीटिंगमध्ये अगदी शांतपणे म्हणाल्या, "एवढी कामं झालेली दिसतायत. मग आमचं का झालं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी एकच तिकीट, म्हणजे एका कामाची नोंद, उघडलं आणि त्याची जन्मकुंडली काढली. अगदी साधं तिकीट होतं: रिपोर्ट डाउनलोड करताना तारखेप्रमाणे गाळता यावं. डेव्हलपरने ते सोमवारी सकाळी घेतलं. मंगळवारी दुपारी कोड तयार, पीआर रिव्ह्यूला गेला. पहिली कमेंट शुक्रवारी सकाळी. दुरुस्ती तासाभराची, पण तोवर त्याने दुसरं तिकीट हातात घेतलेलं, त्यामुळे ती झाली पुढच्या सोमवारी. मंजुरी मंगळवारी संध्याकाळी. मग टेस्टिंग. टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी यंत्रणा, एकच, त्यावर शेजारच्या टीमचा मोठा बदल बसलेला. शुक्रवारी जागा मिळाली, दोन तासांत टेस्टिंग संपलं. रिलीज फक्त बुधवारी व्हायचे. म्हणून तिसऱ्या आठवड्यातला बुधवार.

कामाचे १३ दिवस, म्हणजे १०४ तास. प्रत्यक्ष कुणाचा तरी हात लागलेला वेळ मी मोजला: कोड सहा तास, रिव्ह्यू पाऊण तास, दुरुस्ती एक तास, पुन्हा नजर टाकायला पाव तास, टेस्टिंग दोन तास, रिलीज अर्धा तास. सगळे मिळून साडेदहा. उरलेला सगळा वेळ ते तिकीट नुसतं बसून होतं. मग आणखी वीस तिकिटं काढून पाहिली. कमी-जास्त हीच कहाणी.

मी सात वर्षं त्या रांगेच्या टोकाला बसून आलेली बाई. शेवटच्या दोन दिवसांत सगळं एकदम अंगावर यायचं आणि मी डेव्हलपरांच्या नावाने बोटं मोडायचे. मॅनेजर झाल्यावर रांग विसरले आणि माणसं मोजायला घेतली.

रांगेचं गणित जुनंच आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इतका साधा आहे की फसवणूक वाटते: रांगेत सरासरी किती कामं आहेत ते काढा, त्याला कामं उरकण्याच्या वेगाने भागा, एका कामाला सरासरी किती वेळ लागतो ते मिळतं. आमच्या बोर्डवर ‘चालू’ म्हणून २१ तिकिटं होती, माणशी तीन. आठवड्याला साधारण ८ संपायची. २१ भागिले ८, म्हणजे दोन आठवडे आणि वर थोडं. पाच दिवसांच्या आठवड्याने गुणलं तर १३ दिवस. कॅल्क्युलेटरकडे बघून मी एकटीच हसले.

दुसरं गणित साहेबांना समजावायला जास्त कठीण गेलं. एकच खिडकी आहे, कामं बेभरवशाने येतात, आणि प्रत्येकाला लागणारा वेळही बेभरवशाचा. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर येणाऱ्याला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं. ९० टक्क्यांवर नऊपट. ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. खरी टीम इतकी साचेबंद नसते, पण वळण हेच. साहेबांना सगळे शंभर टक्के कामात हवे होते. "मोकळा माणूस म्हणजे पैसे वाया," हे त्यांचं वाक्य. मी त्यांच्यापुढे त्या तिकिटाचा कागद ठेवला आणि विचारलं, यात वाया गेलेलं काय दिसतंय? गंमत म्हणजे दुसरं टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट मी तोवर तीन वेळा मागितलं होतं आणि तीन वेळा नकार मिळाला होता. त्या कागदावर ते एका मीटिंगमध्ये मंजूर झालं.

मग आम्ही ‘चालू’च्या रकान्यावर मर्यादा घातली. सात माणसं, दहा तिकिटं. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, "काल काय केलंस?" बंद. बोर्ड उजवीकडून वाचायचा, म्हणजे रिलीजच्या सगळ्यात जवळचं तिकीट आधी, आणि प्रत्येकाबद्दल एवढंच विचारायचं, हे इथे का थांबलंय? पहिले दोन आठवडे वाईट गेले. लोकांना हातात स्वतःचं तिकीट नसलं की चोरी केल्यासारखं वाटायचं. टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस वैतागून म्हणाला, "मग मी काय नुसता बसून राहू?" मी म्हटलं, "रिव्ह्यूला चार पीआर पडलेत." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग गेला एकदाचा वाचायला.

आता आम्ही टीम म्हणून चार गोष्टी बघतो, त्याही माझ्या शोधलेल्या नाहीत. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या यंत्रणेवर, किती वेळा जातो, बदल लिहिल्यापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो, गेलेल्या बदलांपैकी किती मोडतात, आणि मोडल्यावर सावरायला किती वेळ लागतो. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या संशोधनातून, विशेषतः २०१८ नंतर, हे चार आकडे सगळीकडे पोचले. मला ते आवडतात कारण दोन वेगाचे आहेत आणि दोन पडझडीचे, त्यामुळे एकीकडे ओढलं की दुसरीकडे दिसतं. बुधवारचा रिलीज सोडून रोजच्या रिलीजवर यायला आम्हाला आठ महिने लागले आणि सुरुवातीला मोडतोड वाढलीच. वेगाचा आकडा एकटा असता तर मी पुन्हा एकदा पेढे वाटायच्या बेतात होते. पण याच चार आकड्यांनी दोन टीम एकमेकींशी तोलणारेही मी पाहिलेत. पैशांचे व्यवहार सांभाळणारी टीम आणि ऑफिसातल्या ऑफिसात वापरायचे रिपोर्ट बनवणारी टीम एका तराजूत घालायच्या, त्यात काय अर्थ आहे?

"मग अप्रेझल कसं करतेस?" हे मला हमखास विचारलं जातं. वहीत. दर शुक्रवारी वीस मिनिटं, प्रत्येकाबद्दल दोन ओळी, काय पाहिलं ते. ‘पीआरमध्ये दोनदा पैसे कापणारी चूक पकडली.’ ‘ऑनकॉलची रात्र, लॉग नीट ठेवलेले म्हणून बिघाड अर्ध्या तासात सापडला.’ वही निःपक्षपाती आहे असं मी म्हणत नाही. जे जवळ बसतात, बोलतात, त्यांच्या ओळी आपोआप भरतात. म्हणून मी रिकाम्या ओळी मोजते. एखाद्याच्या नावापुढे दोन शुक्रवार काहीच नसेल तर मला ते माझं न पाहणं समजायचं असतं, आणि सोमवारी त्याच्यापाशी जाऊन बसायचं असतं.

यात मी एकदा चांगलीच चुकलेही आहे. एकाचं काम खरोखर होत नव्हतं, मदत करूनही, बोलूनही. मी मात्र ‘आकड्यांवरून माणूस ठरवायचा नसतो’ या ओसरीवर सहा महिने बसून राहिले, आणि तोवर त्याचं काम बाकीचे निमूटपणे ओढत होते. ते कळायला आकडे लागत नव्हतेच. वहीत सगळं होतं. समोर बसून बोलायचं धाडस तेवढं नव्हतं.

डॅशबोर्ड बंद झाल्यावर वर्षभराने, एका वन-ऑन-वनमध्ये, शेवटून पहिली आलेली ती सहज बोलावं तशी म्हणाली, "तो तुझा तक्ता होता ना, तेव्हा मी एकदा तीन दिवस कुणाचाच पीआर वाचला नाही. म्हटलं बघू या काय होतं. फक्त माझी माझी तिकिटं उरकली. तुला कळलं होतं का?"

मी नाही म्हटलं. संध्याकाळी जुनी फाइल उघडून तो आठवडा शोधला. मग शंका आली म्हणून रिपोर्ट तारखेप्रमाणे गाळायचं ते तिकीटही काढलं. मंगळवार दुपार ते शुक्रवार सकाळ. रिव्ह्यूअर म्हणून तिचंच नाव. फाइलमध्ये त्या आठवड्याचा तिचा चौकोन हिरवागार होता, आणि कोपऱ्यात माझी टीप लावलेली: "छान सुधारणा! असंच चालू ठेव."