बांधाबांधानं

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, काल झाली. उद्या परत लातूर. पोटात अजून कालची भज्जी आणि आंबील जड होती, म्हणून सकाळी सातलाच तलावाकडं निघाले. ओट्यावर नाना, माझे धाकटे चुलते, कानाला मफलर गुंडाळून बसले होते. "कुठं जायलालीस एवढ्या थंडीत?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काठी घेऊन मागं आले.

तलावाची वाट म्हणजे जेमतेम पावणेदोन किलोमीटर. भिंतीच्या टोकाला सुरू होते, बांधाबांधानं जुन्या विहिरीपर्यंत जाते आणि तशीच परत येते. चढ नाही, धाप नाही. येडशीच्या रामलिंगला गेलं की घाट उतरल्याचं, धबधबा बघितल्याचं घरी सांगता तरी येतं. इथं सांगण्यासारखं काही नाही. गावातल्या बायकांना तर मी बिनकामाची त्या रानात कशाला जाते हेच कळत नाही. काम नसताना वावरात कोण जातं? आणि आता ते वावरही राहिलेलं नाही.

हा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातला. नाना तेव्हा वीस-एकवीसचे. खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीबद्दल ते आजही वाईट तोंड करून बोलतात. तलावाबद्दल नाही. पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरींना पाझर फुटू द्यायचा, एवढंच त्याचं काम. फक्त भिंत नेमकी आमच्याच रानाच्या तोंडाशी आली. "आपल्याच वावरात पाणी साठवाया आपुनच माती टाकली," नाना म्हणाले. बाजारभाव सांगावा तशा आवाजात.

आमचे साडेचार एकर गेले, शेजारचे आबांचे पाच. पाणी मात्र काळ्या चिभडीच्या, पाणथळ तुकड्यापर्यंतच चढतं. वरचं मुरमाड रान कोरडंच राहिलं. घेतलेलं असल्यामुळं कुणी पेरलं नाही आणि बुडालं नसल्यामुळं ते संपलंही नाही. मधे कधीतरी सुबाभूळ, गिरिपुष्प लावलं गेलं, त्यातलं निम्मं वाळलं. बाकीचं सगळं आपोआप आलं. आधी तरवड आणि रुई, मग बोरी, बाभळी, एखादा हिवर.

आज पहिल्यांदा एक गोष्ट डोळ्यांत भरली. मोठी झाडं सगळी रांगेत आहेत. कुणी लावल्यासारखी, सरळ. मधल्या पट्ट्यात नुसतं गवत आणि काटेरी खुरटं. नानांना विचारलं तर त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "बांध हायेत ते. औत बांधावर चढतंय व्हय?" बरोबर. मधलं रान दर साली नांगरलं, वखरलं गेलं, तिथं रोप टिकणार कसं? पाखरं बांधावरच्या झाडावर बसणार, निंबोळ्या-बोरं खाऊन बिया तिथंच टाकणार. शेती गेली तरी शेताचा नकाशा उभाच आहे. चालताना मी मनात मोजत गेले: हे चिंचेचं वावर, हा बरडाचा तुकडा, ही आखाड्याची, म्हणजे शेतातल्या खोपीची, जागा.

वाट जाते तो आमचा आणि आबांचा सामाईक बांध. याच बांधापायी माझे आजोबा, म्हणजे तात्या, आणि आबा हे सख्खे चुलतभाऊ बावीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. दर पेरणीला हा औताच्या एका तासाएवढा बांध कोरायचा, पुढच्या साली तो दीड तासाएवढा. हद्दीचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. दोघांकडंही होते, वाचता दोघांनाही येत नव्हते. वादातली जमीन सगळी मिळून गुंठाभर भरली नसती, म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. आता ताबा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असल्या भानगडींसाठी २०२३ पासून सलोखा योजना आहे, अदलाबदलीच्या दस्ताला हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार नोंदणी फी, असं मी नानांना सांगितलं. ते हसले. "हजारात तवा ते आख्खं रानच इकत मिळालं असतं."

भांडण जमीन गेल्यावरही मिटलं नाही, हे मला आज कळलं. मोबदल्याच्या यादीत झाडंही धरली होती आणि बांधावरचा कडुलिंब कुणाच्या नावानं लिहायचा यावर पुन्हा पेटलं. शेवटी निम्मा निम्मा लिहिला. पाणी त्याच्यापर्यंत आलंच नाही आणि तो कुणी तोडलाही नाही. आज माझ्या कवेत मावला नाही. मावेल असं वाटलं होतं, म्हणून नानांच्या देखत प्रयत्न करून बघितला.

लिंबापुढं विहीर. मोटेच्या बैलांची धाव बुजलीय, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या एका फरशीवर शेवाळ वाळून काळं झालंय. काठाच्या दगडाला नाड्यानं, मोटेच्या दोरानं, पाडलेली खाच आहे, गुळगुळीत, माझी तीन बोटं बसतील एवढी. विहिरीत पारवे आणि प्लास्टिक.

येताना कुसळांनी जीव खाल्ला. दव होतं, त्यामुळं जास्तच. कुसळाचं शेपूट ओलं-कोरडं झालं की पीळ घेतं, सोडतं आणि त्या जोरावर बी मातीत घुसतं. माती नसली तर पायमोजा चालतो. नाना धोतरवाले, त्यांनाही लागली असतील, पण ते काही बोलले नाहीत. दम खायला म्हणून बांधावरच्या हद्दीच्या दगडावर बसले.

या दगडाची हकिगत मी लहानपणापासून ऐकतेय. तात्यांनी रात्री तो दोन हात सरकवला, आबांनी पहाटे परत आणला, असं आबांकडचे सांगतात. आमच्याकडचे उलट सांगतात. आता त्याच्यावर पिवळ्या ऑइल पेंटनं ८०० लिहिलंय. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी सकाळी इथं पळायला येतात. पोरींना ८०० मीटर, पोरांना १६००. पोरी भिंतीपासून पळत दगडापर्यंत येतात, पोरं दगडाला शिवून परत जातात. बांध सरळ आहे म्हणून मोजायला बरा पडतो, असं त्यांच्यातलाच एक मागं म्हणाला होता.

मी मोज्यातली कुसळं उपटत होते तेवढ्यात एक पोरगी भिंतीकडून आली. दम लागलेला, वेणी सुटलेली, मुठीत मोबाईल. दगडाशी थांबली.

"आजोबा, जरा उठता का? दगडाला हात लावायचाय."

नाना काठीवर जोर देऊन उठले. बसायला जागा शोधली, चार पावलं पलीकडं गेले आणि आबांच्या वावरात, गवतात, पाय लांब करून बसले.